अर्जदार क्रमांक अकरा

नियम मी केला, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर उगाच दुसऱ्या कोणाच्या नावाने खडे फोडायला नकोत.

जुन्या इंदुरातल्या आमच्या मंडळाची मी अकरा वर्षं चिटणीस आहे. त्याआधी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मंडळाकडे एक निधी आहे. इंदूर जिल्ह्यातली जी मराठी मुलं घर सोडून बाहेरगावच्या कॉलेजात शिकतात, त्यातल्या बारा जणांना दरवर्षी फीसाठी चाळीस हजार रुपये द्यायचे. निधी यशवर्धनजींचा. त्यांचा पंख्यांची पाती बनवायचा कारखाना आहे आणि समाजाविषयी त्यांना कळकळ आहे, असं दर वर्षी व्यासपीठावरून सांगितलं जातं. सांगते मीच.

मी आले तेव्हा या निधीत नुसता सावळागोंधळ होता. एकदा चार्जर घ्यायला राजवाड्याजवळच्या दुकानात गेले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "नमस्ते मॅडमजी." आम्ही दोन वर्षं ज्याला पुण्याला शिकायला म्हणून मदत देत होतो, तोच तो. पुण्याला तो कधी गेलाच नव्हता. कॉलेजचा दाखला घरच्या प्रिंटरवर काढला होता. मला इतका संताप आला की चार्जर न घेताच परत आले आणि त्याच आठवड्यात नियमावली लिहून काढली. एकूण नऊ नियम. पाचवा असा, की विद्यार्थ्याने वाटप समारंभाला समक्ष उपस्थित राहून, ओळखपत्र दाखवून मदत स्वीकारावी. जो येणार नाही त्याला मदत मिळणार नाही. सातवा असा, की एक जरी विषय राहिला तरी पुढच्या वर्षी मदत बंद.

पाचव्या नियमातली गंमत कोणाच्या लक्षात आली नाही. मुलगा इंदुरात आमच्यासमोर उभा राहिला म्हणजे तो नागपूर-पुण्याला शिकतो हे कसं काय सिद्ध होतं? उलट राजवाड्याजवळच्या दुकानातला तो मुलगा तर पायी चालत सगळ्यांच्या आधी आला असता. जो खरोखर लांब शिकतोय त्याचीच पंचाईत. इतकी साधी गोष्ट, पण एकतीस वर्षं मुलांना 'निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा' म्हणून ओरडणाऱ्या बाईला ती सुचली नाही. नियमावली एकमताने मंजूर झाली. टाळ्याही वाजल्या, आणि मला त्या आवडल्या.

आणखी एक पद्धत मी सुरू केली. बैठकीत अर्ज येण्याआधी प्रत्येक अर्जावरच्या नावावर, वडिलांच्या नावावर आणि कॉलेजच्या नावावर खाकी कागदाची पट्टी चिकटवायची. वर फक्त क्रमांक. म्हणजे कोणी ओळखीचा-पाळखीचा म्हणून झुकतं माप द्यायला नको. निर्णय झाला की पट्टी ओल्या बोटाने सोडवायची. चिकटवायचं काम आमचे अध्यक्ष दत्तोपंत स्वतः करतात. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण डिंक अजून तितकाच व्यवस्थित लावतात.

आता सुनीता. सुनीता सात वर्षांपासून माझ्याकडे पोळ्या करायला येते. नवरा नाही. सकाळी चार घरं करते, आणि मेळा-लग्नसराईत झुणका-भाकरीचा स्टॉल लावते. तिची मुलगी शलाका माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अभ्यास करत मोठी झाली. हुशार होती, आणि हुशारीपेक्षा जास्त म्हणजे नीट होती. वही नीट, प्रश्न नीट. बारावीनंतर नागपूरला फिजिओथेरपीला जागा मिळाली तेव्हा सुनीताने आपल्या पाटल्या मोडल्या आणि मला दोन दिवसांनी सांगितलं. मदतीच्या निधीचा विषय तिने माझ्याकडे कधी काढला नाही. मीही काढला नाही. मी चिटणीस होते ना.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बैठक झाली. वाटपाचा दिवस ठरलेला होता, अठरा जानेवारी, शनिवार, लालबागच्या मैदानावर आमच्या मेळ्यात. दत्तोपंत अर्ज वाचत होते.

"अर्जदार क्रमांक अकरा. मार्क एकदम बढिया आहेत. सोबत एक चिठ्ठी लावली आहे." त्यांनी चष्मा वर केला. "माझी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा अठरा जानेवारी या तारखेलाच सकाळी नऊ वाजता आहे. त्यामुळे मी समारंभाला येऊ शकत नाही. माझ्या वतीने आईला मदत स्वीकारू द्यावी, ही नम्र विनंती."

त्यांनी चिठ्ठी खाली ठेवली. "देऊन टाकू या ना, चारुताई. पोरगी परीक्षा देऊन राहिली आहे, पिक्चर थोडीच पाहून राहिली आहे."

"बात बरोबर आहे," परेश म्हणाला. परेश आमचा कोषाध्यक्ष, चाळिशीतला, जमिनीच्या धंद्यात आहे, आणि बोलताना मध्येच 'भिया', म्हणजे भैया, घालायची त्याला इंदुरी सवय. "नाहीतर व्हिडिओ कॉल लावून देऊ, भिया. मोठ्या स्क्रीनवर दाखवून देऊ. आजकल सब चलता है."

चिठ्ठी टेबलावर माझ्यासमोरच पडली होती. त्यातला 'ख' खालून जोडून काढला होता. 'रव' वाचला जाऊ नये म्हणून तो असा काढायचा, हे मीच तिला आठवीत शिकवलं होतं. मी खोटं बोलणार नाही. पट्टीखाली कोणाचं नाव आहे हे मला त्या क्षणी कळलं होतं.

आणि कळलं म्हणूनच मी जास्त ताठ झाले. दोन वर्षांपूर्वी परेशच्या मेहुणीच्या मुलाचा, बंटीचा, अर्ज मी उशिरा आला म्हणून परत केला होता. एका दिवसाचा उशीर. परेश तेव्हा हसला होता, पण तो विसरणाऱ्यातला नाही. आज मी 'हो' म्हणायचं, मग पट्टी निघायची आणि खाली माझ्या पोळ्यावालीची मुलगी निघायची. मग सहा महिने मंडळात माझ्या पाठीमागे काय बोललं गेलं असतं ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

"आजकाल सगळं चालतं, म्हणून तर नियम केला," मी म्हणाले. "आज परीक्षा, उद्या कोणाचं लग्न, परवा कोणाची बस चुकली. एकदा दार उघडलं की बंद करायला मी येणार नाही."

हात वर झाले. सात जणांत माझ्या बाजूने चार. दत्तोपंतांनी बोट ओलं केलं आणि पट्टी सोडवली.

"अरे," परेश पुढे वाकून म्हणाला. "ही तर तुमच्या सुनीताची शलाका."

"असेल," मी म्हणाले. "नियम सगळ्यांना एक."

टेबलाभोवती सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात आदर होता. दत्तोपंत म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे मंडळ उभं आहे." मी घरी आले ती खूश होऊन. हे लिहिताना लाज वाटते, पण खूश होते. येताना कोपऱ्यावरून शेव घेतली आणि चहाबरोबर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुनीता पोळ्या लाटत होती. पाठमोरीच होती.

"ताई, शलूची चिठ्ठी आली होती का मीटिंगमध्ये?"

"आली होती. नामंजूर झाली."

लाटणं थांबलं. "कोण नाही म्हणालं?"

"बहुमताने झालं," मी म्हणाले.

एवढ्यावर मी गप्प बसले असते तरी अर्धं पाप टळलं असतं. मुलीने परीक्षा दिली असती, चाळीस हजार गेले असते, सुनीताने कुठूनतरी वर्ष ओढलं असतं. पण मला आता चांगलंही व्हायचं होतं. नियम पाळणारी बाई आणि वर मदत करणारी बाई, दोन्ही.

"तू असं कर, तिला बोलावून घे," मी म्हणाले. "प्रॅक्टिकलचं एवढं काही नसतं. घरचं कारण लिहून द्यायचं. परीक्षक दोन-तीन दिवस असतातच, मागाहून घेतात. मी शाळेत किती मुलांची मागाहून घेतली आहेत."

"पक्कं ना, ताई? तिचं वर्ष नको जायला."

"पक्कं," मी म्हणाले.

शाळेतला अनुभव. दहावीच्या मुलांना लिटमस पेपर आणि भिंग देऊन ज्या परीक्षा घेतल्या, त्यांच्या जोरावर मी विद्यापीठाविषयी बोलत होते. सुनीताला काय कळणार? तिच्या दृष्टीने कॉलेजातलं जे काही होतं ते सगळं मला ठाऊक होतं.

संध्याकाळी शलाकाचा फोन आला. फोनवर ती नेहमी आधी तब्येत विचारते. त्या दिवशीही विचारली.

"मॅडम, आमचे सर म्हणतात अब्सेंट लागून जाईल."

"सर लोक घाबरवतात. मीही घाबरवायची."

"एक्स्टर्नल बाहेरून येतात, मॅडम. एकच दिवस."

"तू अर्ज तर दे. नीट शब्दांत लिही, तुला येतं ते. तुझी फी कुठून येणार याचा विचार कर. आईकडे बघ जरा."

मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणता आहात तर येऊन जाते."

आईकडे बघ, हे मी तिला सांगितलं. तिने आईकडे नाही तर आणखी कुठे बघितलं होतं आजपर्यंत?

अठराला सकाळी ती नागपूरहून रात्रभराच्या बसने उतरली आणि दुपारी मैदानावर आली. खांद्याच्या पिशवीतून पांढऱ्या ॲप्रनची बाही बाहेर आली होती. तो कशाला आणलास, असं मी विचारलं, तर म्हणाली, सोमवारी परत गेल्यावर लगेच कोणी प्रॅक्टिकल घेतलं तर हॉस्टेलवर जाऊन आणण्यात वेळ नको जायला.

समारंभ चारचा. यशवर्धनजी साडेसहाला आले, कारण दुसरीकडे कुठेतरी फीत कापायची होती. आल्या आल्या त्यांच्या माणसाने सांगितलं की साहेबांना आठची फ्लाइट आहे. मग एकेक नाव पुकारायचं राहिलं बाजूला. तीन-तीन जण वर बोलावले, प्रत्येकाच्या हातात पाकीट आणि गुलाबाचं फूल, फोटोग्राफर ओरडतोय, "इधर देखो, स्माइल." शलाका हसली. इतर मुलं अवघडली होती, पण ती छान हसली. मुलगी मुळात नीट आहे, सांगितलेलं काम नीट करते. ओळखपत्र कोणीच पाहिलं नाही. ते पाहायचं काम माझं होतं आणि मी तेव्हा साहेबांना बुके द्यायला कोण जाणार हे बघत होते.

खाली उतरल्यावर तिने पाकीट उघडलं. आत यशवर्धनजींच्या सहीचं शुभेच्छापत्र होतं.

"मॅडम, चेक?"

"चेक नसतो. रक्कम सरळ बँकेत येते. दोन-तीन आठवड्यांत."

"मग मी..." असं म्हणून ती थांबली. माझ्याकडे एकदा बघितलं, शुभेच्छापत्र परत पाकिटात घातलं आणि आईच्या स्टॉलवर ताटल्या धुवायला गेली.

ती जे बोलली नाही ते मला पूर्ण ऐकू आलं. रक्कम बँकेत येते हे मला अकरा वर्षं माहीत होतं. तशी व्यवस्था मीच लावली होती, पारदर्शकतेसाठी.

सोमवारी कॉलेजने तिचा अर्ज घेतलाच नाही. परीक्षक शनिवारीच परत गेले होते. मी स्वतः फोन केला. माझी ओळख सांगितली, शाळेतली वर्षं सांगितली. तिकडचा क्लार्क शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे विद्यापीठ आहे, शाळा नाही." त्या वर्षीचे चाळीस हजार खात्यात आले, पण निकालात त्या विषयापुढे 'अनुपस्थित' आलं. तो विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसता येणार नाही, म्हणजे हॉस्टेलचं आणि जेवणाचं आणखी एक वर्ष वाढलं.

जुलैत गुणपत्रिका मंडळात आल्या. सातवा नियम कोणाला वाचून दाखवायची गरज नव्हती. त्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले की अर्जदार अकराची अनुपस्थिती आपल्यामुळे झाली, तेव्हा या वेळी नियम शिथिल करावा.

परेशने पेनचं टोपण लावलं. "नियम सगळ्यांना एक, ताईजी. आपणच म्हणून राहिल्या होत्या."

दत्तोपंतांनी एकट्याने माझ्या बाजूने हात वर केला. पत्र पाठवायचं ठरलं. 'आपणांस पुढील साहाय्य देणे शक्य नाही, आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.' मसुदा माझा, सही माझी. पाकिटावर पत्ता लिहिताना मला कळलं की तो मी प्रथमच लिहितेय. सात वर्षं ती बाई माझ्या घरी येत होती आणि तिच्या घराचा नंबर मला माहीत नव्हता.

ऑगस्टमध्ये शलाका सामान घेऊन परत आली. आता इथेच एका हाडांच्या डॉक्टरांकडे बसते. अपॉइंटमेंट लिहिते, मशीन पुसते, म्हाताऱ्यांना जिना चढायला हात देते. ज्या मशीनवर तिला काम करायचं होतं ते पुसायला तिला मिळतं. सुनीता अजून माझ्याकडे येते. भांडली नाही, काम सोडलं नाही. पूर्वी माझ्यासाठी एखादी पोळी जास्त करून ठेवायची, आता सांगितल्या तेवढ्याच करते. बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं, आणि रोज मी विचारत नाही.

पाचवा नियम काढावा असा ठराव मी मांडला होता. तो पुढच्या बैठकीवर ढकलला, मग त्याच्या पुढच्या. यशवर्धनजींना फोटो लागतात, हे कोणी उघड बोललं नाही.

या जानेवारीत पुन्हा लालबागला मेळा भरला. निधीच्या टेबलावर मी बसले होते, नवे अर्ज वाटत. माझ्या डोक्यावर दहा फुटी बॅनर. त्यावर गेल्या वर्षीचा फोटो. शलाका हातात पाकीट आणि फूल घेऊन हसतेय. खाली मोठ्या अक्षरांत, 'तुमच्या स्वप्नांना आमची साथ.' फोटो परेशने निवडला. वाईट हेतूने नाही, तोच सगळ्यात चांगला आला होता. मी तो काढायला सांगितलं, तर म्हणाला, "छापून झालं, ताईजी, आता काय." समोर वीस पावलांवर सुनीताचा स्टॉल होता. तिला दिवसभर तो बॅनर दिसत होता.

दुपारी जवळच्या हातोद गावाहून एक बाई आल्या, मुलीला घेऊन. मुलीचं नाव इरावती. अमरावतीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती, संक्रांतीला दोन दिवस घरी आली होती. बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला, मग वर बॅनरकडे बोट केलं.

"मॅडमजी, ही मुलगी आता कुठे आहे?"

मी टेबलावरचे अर्ज उगाच सारखे करू लागले. तेवढ्यात टेबलावर चहाचा कप आला. सुनीताने पाठवला होता, म्हणजे सगळ्या टेबलांवर पाठवले तसा. कप ठेवणारी शलाका होती. केस बांधलेले, हाताला पीठ. बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही, त्या बॅनरकडे बघत होत्या.

"नागपूरला आहे ती, काकू," शलाका म्हणाली. "फिजिओथेरपी करून राहिली आहे. फॉर्म भरून द्या. फक्त वाटपाची तारीख आधी विचारून घ्या."

बाई माझ्याकडे वळल्या. "कोणती तारीख असते, मॅडमजी?"

"जानेवारीचा तिसरा शनिवार," मी म्हणाले. "मुलीला स्वतः यावं लागतं."

"मम्मी, पुढच्या वर्षी त्याच टाइमला आमचे पेपर राहतील," इरावती म्हणाली. "सिनियर्सचे यंदा आत्ताच चालू आहेत."

"तर काय झालं?" बाई मुलीला म्हणाल्या आणि मग मला, अगदी विश्वासाने, "एक दिवसाचं कॉलेजवाले सांभाळून घेतात ना, मॅडमजी? तुम्हाला तर सगळं माहीत आहे."

शलाका गेली नव्हती. हातात ट्रे धरून उभी होती आणि तीही माझ्याकडे बघत होती.

"नाही सांभाळून घेत," मी म्हणाले. "मला काही माहीत नाही. हिचे प्रोफेसर सांगतील तेच खरं. तारीख जुळली नाही तर परीक्षा द्यायची, इथे यायचं नाही. चाळीस हजार गेले तरी चालतील."

बाईंना ते काही पटलं नसावं. मदतीच्या टेबलावरची बाई येऊ नका म्हणते, हे कसं पटणार? त्यांनी अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मुलीला घेऊन पुढे गेल्या.

शलाकाने टेबलावर सांडलेला चहा फडक्याने पुसला. आवाज अजिबात चढला नव्हता. नीटच बोलली, नेहमीसारखी.

"एवढंच मला पण सांगून द्यायचं होतं, मॅडम," ती म्हणाली, आणि ट्रे घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली.